आपद्धन : एका पाकिटातील तीन कागद



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांनी असे गृहीत धरले होते की मी संतवाङ्मयावर, नाहीतर माळव्यातील मराठी बोलीवर बोलेन. त्यांचा अंदाज साहजिक होता; आयुष्यभर मी तेच शिकवीत आलो. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो त्या आमच्या सरांनी मला मराठी कधी शिकवले नाही. ते गणित आणि इतिहास शिकवीत. त्यांचे ऋण अंशतः तरी मानायचे तर त्यांनी दिलेला एखादा विषय घ्यावा असे मनात आले. म्हणून आज मी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जर्मनीतील लहानमोठ्या गावांनी स्वतः छापलेल्या पैशांविषयी बोलणार आहे. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शब्दांचा अभ्यासक आहे. पण नोटेवरही अखेर कोणीतरी दिलेला शब्दच छापलेला असतो, एवढ्या आधारावर हे धाडस करतो.

१९६२ सालचा श्रावण असावा. आम्ही आठवीत होतो. बाहेर झड लागली होती आणि निम्मा वर्ग गैरहजर होता. असे दिवशी सर पुढचा धडा घेत नसत. त्या दिवशी त्यांनी कोटाच्या खिशातून एक खाकी पाकीट काढले आणि त्यातले तीन कागद टेबलावर मांडले. पहिल्यावर बासरी वाजवणारा एक रंगीबेरंगी माणूस आणि त्याच्यामागे मुलांची रांग होती. दुसरा कागद मोठा, फिकट आणि एकाच बाजूने छापलेला होता. तिसरा जेमतेम दोन बोटे रुंदीचा, पुठ्ठ्याचा तुकडा. सरांनी दुसऱ्या कागदावरचा आकडा फळ्यावर लिहिला : एकावर अकरा शून्ये. म्हणाले, "अक्षरांत लिहा."

आमच्यापैकी हुशार म्हणून गणला जाणारा एकजण बराच वेळ बोटे मोजून म्हणाला, "शंभर अब्ज." सर म्हणाले, "बरोबर. पण भास्कराचार्यांनी लीलावतीत यासाठी एकच शब्द दिला आहे. निखर्व." मग त्यांनी विचारले की एवढ्या मार्कांत काय विकत येईल. कोणी म्हणाले लालबाग राजवाडा, कोणी म्हणाले सगळे इंदूर शहर. सरांनी सगळ्यांना बोलू दिले आणि मग शांतपणे सांगितले, "गावातल्या गावाबाहेर पाठवायच्या एका साध्या पत्राचे तिकीट." आम्ही हसलो. "आणि हा पैसा छापला कोणी? राजाने नव्हे, मोठ्या बँकेने नव्हे. एका शहराच्या नगरपालिकेने." त्यावर आम्ही आणखी हसलो, कारण नगरपालिका म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे जन्माचा दाखला आणि रस्त्यावरची दिवाबत्ती एवढेच येई.

त्या हसण्याची पुढे मला बरीच लाज वाटली. ती का, ते ओघाने येईलच.

या पैशाला जर्मन भाषेत 'नोटगेल्ट' म्हणतात. आपल्या कानाला यातला 'नोट' ओळखीचा वाटतो, पण ती आपली कागदी नोट नव्हे. जर्मन 'नोट' म्हणजे निकड, नड, विपत्ती. आपली 'नोट' इंग्रजीतून आली आणि तिचे मूळ खूण या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच उच्चारापाशी थांबले. 'गेल्ट' म्हणजे पैसा. तेव्हा नोटगेल्ट म्हणजे नडीचा पैसा. आपल्याकडे आपद्धर्म हा शब्द आहे : एरवी जे करू नये ते संकटात करावे लागते, तेवढ्यापुरते ते क्षम्य. त्याच चालीवर मी याला आपद्धन म्हणतो. शब्दकोशात तो सापडणार नाही, पण आजच्या तासाभरापुरता चालवून घ्यावा. नडीचा शब्द आहे.

या आपद्धनाची सुरुवात ऑगस्ट १९१४ मध्ये झाली. युद्ध पुकारले गेले आणि लोकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नाणी घरात दडवली. सोने-चांदी तर गेलीच. ४ ऑगस्टला नोटांच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन कायद्याने उठवण्यात आले. पूर्व प्रशिया, आल्सास अशा सीमेलगतच्या भागांत तर पहिल्या काही दिवसांतच सुट्या पैशांची इतकी चणचण झाली की गावांच्या खजिन्यांनी आणि कारखान्यांनी चिठ्ठ्या काढल्या : 'या चिठ्ठीबद्दल अमुक रक्कम देऊ', खाली सही आणि शिक्का. पुढे तांबे आणि निकेल दारूगोळ्याच्या कामी गेले. नाणी लोखंडाची, जस्ताची, अॅल्युमिनियमची झाली आणि तीही पुरेनात. ट्राममधले तिकीट, पावरोटी, दाढी या सगळ्यांसाठी लागणारी चिल्लर गावानेच छापायची असा परिपाठ पडला.

युद्धाचा खर्च सरकारने करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला. एकूण नऊ युद्धकर्जे उभारली गेली, त्यांतून सुमारे ९८ अब्ज मार्क गोळा झाले. हे पैसे कोणी दिले? शिक्षकांनी, पोस्टमास्तरांनी, विधवांनी, शाळांच्या निधीने, देवळांच्या विश्वस्तांनी. कित्येकांनी सोन्याची साखळी देऊन बदल्यात लोखंडाची घेतली आणि ती अभिमानाने गळ्यात घातली. ९८ अब्ज हा आकडा कृपया लक्षात ठेवावा. शेवटी त्याचा हिशेब करायचा आहे.

मधल्या एका पर्वाकडे आता वळतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण साहित्याच्या माणसाला रेंगाळण्याजोगे येथेच काही आहे. साधारण १९२० ते १९२२ या काळात चिल्लरीची खरी नड हळूहळू कमी झाली होती, पण तोवर या चिठ्ठ्या जमवणाऱ्यांची संख्या भरमसाट वाढली होती. गावांच्या ध्यानात आले की जी चिठ्ठी संग्राहकाच्या वहीत जाऊन बसते ती परत येत नाही, आणि जी परत येत नाही तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. मग काय विचारता! काही हजार वस्तीच्या खेड्यांनीही मालिकाच्या मालिका छापल्या. पन्नास फेनिग, पंचाहत्तर फेनिग असे आकडे, आणि पाठीवर गावाची कथा. हामेल्नने उंदीर पळवणाऱ्या आणि मग मुलेही घेऊन गेलेल्या पुंगीवाल्याची गोष्ट छापली. सरांच्या पाकिटातला पहिला कागद तोच. एर्फुर्टने मार्टिन लूथरच्या चरित्रातले प्रसंग छापले. बीलेफेल्ट हे तागाच्या कापडाचे शहर. तिथल्या नगर बचत बँकेचे संचालक पाउल हांके यांनी रेशमावर, तागाच्या कापडावर आणि मखमलीवर नोटा छापवल्या, त्यांतल्या कित्येकांना लेसची किनार लावलेली आहे. ओस्टरवीकने चामड्यावर छापल्या. मायसनच्या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याने तपकिरी मातीची भाजलेली नाणी घडवली. हातातून पडले तर पैसे फुटावेत, असा हा व्यवहार!

मला यातले सर्वांत लोभस प्रकरण वाटते ते मेक्लेनबुर्गचे. १८१० साली जन्मलेला फ्रिट्स रॉयटर हा त्या प्रदेशाचा लेखक. विद्यार्थिदशेत राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला देहान्ताची शिक्षा झाली, ती पुढे कमी होऊन त्याने काही वर्षे किल्ल्यांच्या तुरुंगात काढली. त्याने लिहिले ते प्रमाण जर्मनमध्ये नव्हे, तर उत्तरेकडच्या मैदानी लोकांच्या बोलीत, प्लाटडॉइचमध्ये. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने मेक्लेनबुर्गमधील ७० गावांनी एकत्र येऊन प्रत्येकी तीन नोटा काढल्या, १०, २५ आणि ५० फेनिगांच्या, आणि त्यांवर रॉयटरच्या बोलीतले मजकूर छापले. याला 'रॉयटरगेल्ट' असेच नाव पडले. मंडळी, बोलीभाषेला शाळेत जागा नव्हती, कचेरीत नव्हती. पण काही महिने ती पैशावर होती. मी माळवी वळणाच्या मराठीवर पाव आयुष्य घालवलेला माणूस, माझ्या मनात काय येत असेल ते सांगायला नको. अर्थात बराचसा हेतू संग्राहकांच्या खिशात हात घालण्याचा होता, हेही खरे. भाषेवरील प्रेम आणि गल्ल्यावरील प्रेम यांचे वैर असतेच असे नाही.

पण गावाला बोलायला कागद मिळाला की गाव सगळेच बोलते. १९२० च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये श्लेस्विग भागात सार्वमत झाले : डेन्मार्कमध्ये जायचे की जर्मनीत राहायचे. त्या भागातल्या चिठ्ठ्यांवर दोन्ही बाजूंचा प्रचार सापडतो. सीमाभागातून येथे आलेल्या श्रोत्यांना त्याचे नवल वाटणार नाही. काही चिठ्ठ्यांवर हरलेल्या युद्धाचा आणि तहाच्या अटींचा संताप आहे. काहींवर साठेबाज आणि नफेखोर यांची चित्रे आहेत आणि त्यांना मुद्दाम ज्यूंचे चेहरे दिलेले आहेत. पुढे नोटा कवडीमोल झाल्यावर त्यांच्यावर ज्यूद्वेषाचे मजकूर छापून नाझी मंडळींनी त्या प्रचारपत्रके म्हणून वाटल्या. संग्राहकांच्या सुबक वह्यांमध्ये पुंगीवाल्याच्या शेजारच्याच पानावर ही घाण बसलेली असते. ती पाने उलटून टाकू नयेत असे मला वाटते.

१७ जुलै १९२२ रोजी कायदा करून या चिठ्ठ्यांना बंदी घालण्यात आली. काही आठवड्यांतच सरकारला त्या बंदीकडे काणाडोळा करावा लागला, कारण आता खरीखुरी नड सुरू झाली होती. येथून पुढे चित्रे संपतात.

भावाचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९१४ साली एक डॉलर म्हणजे ४.२ मार्क. जानेवारी १९२३ मध्ये, ज्या महिन्यात फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या खोऱ्यात शिरल्या, त्या महिन्याची सरासरी सुमारे १८ हजार मार्क. जुलैची साडेतीन लाख. ऑगस्टची ४६ लाख. सप्टेंबरची जवळजवळ १० कोटी. ऑक्टोबरची २५ अब्ज. आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजी भाव थांबला तो ४२ खर्वांवर नव्हे, ४२ निखर्वांवर. आपल्याकडे निखर्वाच्या पुढची पायरी महापद्म; म्हणजे ४.२ महापद्म. गंमत अशी की भास्कराचार्यांच्या ज्या संख्यानामांचा उपयोग काय असे आम्ही मुले कुजबुजत असू, ती सगळी जर्मनीतल्या भाजीवाल्याला लागली असती. राइशबँकेची सर्वांत मोठी नोट फेब्रुवारी १९२४ च्या तारखेची आहे : एकावर चौदा शून्ये. लीलावतीच्या भाषेत एक जलधी. नोटेचे नाव समुद्र! आणि तिची किंमत शंभर नवे मार्क, धड पंचवीस डॉलरही नाहीत.

कारण काय, यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. युद्धाची कर्जे, १९२१ साली लादलेली १३२ अब्ज सुवर्णमार्कांची नुकसानभरपाई, रूरमधल्या असहकारात लाखो कामगारांना सरकारने घरी बसून दिलेले वेतन. या प्रत्येकाचा वाटा आहे. पण या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती : तूट आली की नोटा छापायच्या. राइशबँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन हे सचोटीचे, जुन्या वळणाचे अधिकारी. भाव वाढले म्हणून पैसा अपुरा पडतो आणि तो पुरवणे हे आपले कर्तव्य, असे ते मानीत. स्वतःच्या छापखान्याखेरीज १३३ छापखाने, १७८३ यंत्रे आणि तीसहून अधिक कागद-गिरण्या त्यांच्या कामाला जुंपलेल्या होत्या. त्यांनी हे आकडे अभिमानाने बाळगले. माणूस वाईट नसतो आणि चूक मात्र राक्षसी होते, याचे याहून ठळक उदाहरण मला इतिहासात दुसरे आठवत नाही.

एवढी यंत्रे चालूनही नोटा पुरेनात, आणि येथे पुन्हा गावे पुढे आली. कसे ते पाहा. समजा, एका गावात एक गिरणी आहे. पगार आता आठवड्यातून दोनदा, पुढे पुढे रोज द्यावा लागतो, कारण सकाळच्या पैशाला संध्याकाळी अर्धेच धान्य मिळते. कामगारांच्या बायका फाटकाशी उभ्या आहेत; पैसे हाती पडताच त्या दुकानाकडे धावणार. बँकेच्या शाखेत गिरणीची रक्कम खात्यावर जमा आहे, पण नोटाच नाहीत. अशा वेळी महापौर काय करणार? तो स्थानिक वर्तमानपत्राच्या छापखान्यात निरोप धाडतो. मिळेल त्या कागदावर, एकाच बाजूने, मिळेल त्या खिळ्यांनी रक्कम जुळवली जाते. खाली महापौराची छापील सही. दोन आठवड्यांनी ती रक्कम हास्यास्पद ठरली की त्याच कागदावर आडवा लाल शिक्का मारून नवा आकडा. खुद्द राइशबँकेनेही एक हजाराच्या नोटेवर लाल अक्षरांत 'एक अब्ज' असे छापून ती चालवली. त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक ठिकाणांनी असा पैसा काढला. सरकारी रेल्वे ही त्यांतली सर्वांत मोठ्या छापणाऱ्यांपैकी एक.

नियम असा होता की चिठ्ठ्या काढणाऱ्याने तेवढ्या रकमेचे तारण सरकारजमा करावे. काहींनी केले, अनेकांनी केले नाही. आज छापलेला पैसा महिन्याने परत करायचा तर तो तोवर धूळ झालेला असे. तेव्हा छापणाऱ्याला तो जवळजवळ फुकट पडे. म्हणजे आपद्धर्मात नफा शिरला. शिवाय एका गावचा कागद दुसरे गाव घेईलच असे नाही. घेतला तर कसर कापून. पूर्वी आपल्याकडे दर संस्थानाचे नाणे वेगळे आणि सराफाचा बट्टा वेगळा, त्यातला प्रकार.

या पर्वातली एकच सुंदर गोष्ट सांगतो. थुरिंगियाच्या राज्य बँकेच्या नोटा आखण्याचे काम १९२३ मध्ये वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतील हर्बर्ट बायर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे आले. त्याने ना राजाचे चित्र घातले, ना वेलबुट्टी. ठसठशीत आकडा, साधी कोरीव अक्षरे, रंगाचा एक पट्टा. जे सांगायचे तेवढेच सांगणारी नोट. पाठ कोरी. पुढे जगभर मुद्रणाची जी शैली रूढ झाली तिची एक बाळघुटी या बुडत्या पैशात आहे.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेन्टेनमार्क हे नवे चलन आले. एक रेन्टेनमार्क म्हणजे एक महापद्म जुने मार्क. देशातल्या जमिनीचे आणि उद्योगांचे गहाण हा त्याचा आधार, असे जाहीर झाले. आता नोट घेऊन कोणी शेताचा तुकडा मागायला जाणार नव्हता. खरा आधार असा की रकमेला मर्यादा घातली गेली आणि सरकारसाठी नोटा छापणे त्याच दिवशी बंद झाले. चलन-आयुक्त याल्मार शाख्ट यांनी दुसरी कठोर गोष्ट केली : राइशबँक आता गावांचा पैसा स्वीकारणार नाही. राइनकाठच्या शहरांचे प्रतिनिधी कोलोनच्या बैठकीत त्यांच्यावर तुटून पडले, पण ते बधले नाहीत. डॉलर ४.२ महापद्मांवर ज्या दिवशी स्थिर झाला त्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, हाफेनश्टाइन वारले. हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर मी विद्यार्थ्यांना तो कृत्रिम आहे असेच सांगितले असते.

आता तो हिशेब. ९८ अब्ज मार्कांची युद्धकर्जे. त्यांना एका महापद्माने भागा. उत्तर येते जवळजवळ १० फेनिग, किंचित कमीच. युद्धापूर्वी जर्मनीत साध्या पत्राला १० फेनिगांचे तिकीट लागे. म्हणजे नऊ वेळा हाक देऊन सगळ्या राष्ट्राकडून गोळा केलेली बचत, एका पत्राचे तिकीट. सरांनी १९६२ साली वर्गात सांगितलेले तिकीट हेच. डिसेंबर १९२३ पासून ते निखर्व मार्कांना, म्हणजे पुन्हा दहा फेनिगांना मिळू लागले होते. १९२५ साली कायदा झाला आणि गहाणखतांची पंचवीस टक्के तर सरकारी कर्जांची अडीच टक्के एवढी किंमत मान्य झाली. कर्जदार सुटले, कारखानदार मोठे झाले, आणि ज्यांनी सांगितले तसे वागून बचत केली होती ते म्हातारपणी मोलमजुरीला लागले.

यातूनच हिटलर आला असे सरसकट म्हणतात. म्युनिकमधला त्याचा बंडाचा प्रयत्न नोव्हेंबर १९२३ चा, हे खरे. पण तो फसला, आणि तो सत्तेवर आला १९३३ मध्ये, महामंदी आणि बेकारी यांच्या लाटेवर. मधली दहा वर्षे पुसून सरळ रेघ ओढता येणार नाही. तरीही एलियास कानेटी या लेखकाने समूहांवरच्या आपल्या ग्रंथात जे निरीक्षण केले आहे ते विचार करण्याजोगे आहे : रोजच्या व्यवहारातले एकक जेव्हा असे क्षुद्र होते तेव्हा माणसाला स्वतःचेही मोल उतरल्यासारखे वाटते, आणि मग तो ते दुसऱ्या कोणावर तरी उतरवतो.

इंदुरात आपण ज्याला हिंदीच्या सहवासाने 'साख' म्हणतो त्याला पुण्याकडे 'पत' म्हणतात. या दोन शब्दांवर मी वर्गात कितीदा तरी बोललो असेन. माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लवकर विधवा झाली. निवृत्तीचे सगळे पैसे तिने एका साख संस्थेत ठेवले. ठेवताना मला विचारले होते, आणि मी, पीएच.डी. झालेला भाऊ, पासबुकावरची सुबक छपाई पाहून म्हणालो होतो, ठेव. ती संस्था बुडाली. पुढची कित्येक वर्षे बहीण ते पासबुक देवघराच्या खणात ठेवीत असे. एकदा मला म्हणाली, "अरे, यात तर अजून पूर्ण रक्कम लिहिलेली आहे." तिला व्यवहार कळत नव्हता असे नव्हे. पंचेचाळीस वर्षांच्या शिस्तीने लिहिलेला आकडा तिला खोटा म्हणवत नव्हता. सरांच्या वर्गातले ते हसणे मला त्या दिवशी आठवले. निखर्वाची नोट पाहून आपण हसलो होतो. ती ज्यांच्या खणात उरली त्यांच्यात माझ्या बहिणीसारख्या कितीतरी शिक्षिका होत्या.

श्टेफान त्स्वाइग यांची 'अदृश्य संग्रह' या अर्थाच्या नावाची एक कथा या चलनफुगवट्याच्या काळातली आहे. एक अंध झालेला वृद्ध आयुष्यभर जमवलेल्या दुर्मिळ मुद्राचित्रांच्या वह्या रोज हातांनी चाचपतो. घरच्यांनी पोटासाठी ती चित्रे केव्हाच विकली आहेत आणि त्यांच्या जागी तशाच जाडीचे कोरे कागद ठेवले आहेत. तो पाहुण्याला एकेक कोरा कागद दाखवून त्याचे वर्णन करतो. विकून आलेले पैसेही अर्थातच विरघळून गेलेले आहेत. एवढेच सांगतो, कथा ग्रंथालयातून घेऊन वाचावी.

तिसरा कागद राहिला, तो पुठ्ठ्याचा तुकडा. तो जर्मनीचा नाही. तो आपल्या रतलामजवळच्या सैलाना संस्थानचा, एक पैशाचा. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही धातू लढाईकडे गेला. १९४३ साली निघालेला भोकाचा पैसा येथल्या वयोवृद्धांना आठवत असेल. तांबे वाचवण्यासाठी मध्येच भोक पाडलेले. चिल्लर नाहीशी झाली, दुकानदार सुट्ट्याऐवजी पोस्टाची तिकिटे हातावर ठेवू लागले. त्या वेळी मोरवी, जुनागड, नवानगर, बिकानेर अशा अनेक संस्थानांनी पुठ्ठ्याची आणि कागदाची कूपने काढली. सैलानाने काढली. सरांचे बालपण रतलामला गेले. ते सांगत की ही कूपने पावसात भिजून फुगत आणि मग दुकानदार ती घ्यायला खळखळ करी. म्हणून आई त्यांना छपराखाली उभे राहूनच सुटे मोजून घ्यायला लावी. माझ्या पिढीने सुट्या पैशांऐवजी गोळ्या घेतल्या, उपाहारगृहाची टोकने घेतली. तीही याच कुळातली. आज फोनवर बोट ठेवून पाच रुपयांचा चहा घेणाऱ्या येथल्या मुलांना चिल्लरीची नड म्हणजे काय हे पाकीट दाखवूनच सांगावे लागेल.

सरांच्या निधनानंतर त्यांच्या कन्येने ते पाकीट माझ्याकडे दिले. इतकी वर्षे ते माझ्या कपाटात, ज्ञानेश्वरीच्या एका जुन्या प्रतीत ठेवलेले होते. आज ते मी मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करीत आहे. शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे आणि पावसाळ्यात एखाद्या तासाला बाहेर काढावे. हाताळताना निखर्वाच्या नोटेची पाठ पाहावी. ती छापलेली नव्हतीच, त्यामुळे तेथे जागा भरपूर होती, आणि तेथे पेन्सिलीने सरांच्या बारीक अक्षरात लिहिलेले आहे : 'मुंबई, चोरबाजार. पुंगीवाल्यासह दोन्ही मिळून चार आणे. घासाघीस केली नाही.'